आपला अभ्यास सरकारी टेबलापर्यंत कसा न्यावा?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दीडशे पानांचा अहवाल काखेत मारून मी एका जिल्हा कार्यालयात गेलो होतो. विषय पाणीटंचाईचा, गावं आपल्या मराठवाड्यातलीच. साहेबांनी तो हातावर तोलला, "छान आहे, ठेवा" म्हणाले. दोन महिन्यांनी पाहिला तर प्रिंटर उंच करायला खाली घातलेला. मार्च एंडला गेलो, ही चूक माझीच.

म्हणून आधी वेळ बघा. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. प्रारूपाची जुळवाजुळव हिवाळ्यात चालते, तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की निघा. आमदारांना भेटायचं असेल तर नागपूर अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, कारण तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आयत्या वेळी देता येत नाही.

मग अधिकार कुणाचा ते शोधा. आपण प्राध्यापक मंडळी इथेच घसरतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचा पाझर तलाव जिल्हा परिषदेकडे असतो, त्याहून मोठा दुसऱ्या यंत्रणेकडे. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा मुद्दा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाशी बांधलेला आहे. तो घेऊन तहसीलदारांकडे गेलात तर ते चहा पाजतील, एवढंच.

आता कागद. एकच पान, मराठीत. 'भूजल उपलब्धतेवर विपरीत परिणाम दिसून येतो' असं लिहू नका. 'या अकरा गावांत मे महिन्यात टँकर लागतो. त्यातल्या चार गावांचे बंधारे गाळाने भरलेत' असं लिहा. खाली मागणी: काय करायचं, कुणी, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून. संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक टाकलात तर निम्मं काम झालं. आकडे एकाच पावसाळ्याचे असतील तर तसं स्वतःहून सांगा. बैठकीत दुसऱ्या कुणी ते उघडं पाडलं तर साहेब तोंडघशी पडतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही दाराबाहेर.

पान आवक शाखेत द्या, पोहोच घ्या. नंतर टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला भेटा. फाईल तिथूनच वर चढते. साहेबांची साधारण तीन वर्षांत बदली होते. नवे आले की तेच पान घेऊन पुन्हा जायचं, कंटाळायचं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी तसंच एक पान नेलं. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "ती चार गावं कोणती?" मी नावं सांगितली. त्यांनी समासात लाल पेनने लिहिलं, 'चर्चा करावी', आणि शाखा अभियंत्याला आत बोलावलं.