जुनी हत्यारं उजळताना या चुका टाळा

गंजलेली एक पटाशी वीस वर्षं पेटीच्या तळाशी पडून होती. गंजाने तिचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. वर तांबूस पापुद्रा, खाली चांगलं पोलाद. मग ती माझ्या हातात आली आणि वीस सेकंदांत तिची वाट लागली. ग्राइंडरच्या चाकावर धरली, ठिणग्या छान उडत होत्या, आणि टोकाकडून आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असा रंग मागे सरकत आला. शेवटी निळा दिसला तेव्हा मला तो चक्क सुंदर वाटला. निळा रंग म्हणजे पातं साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं आणि त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, हे नंतर कळलं. त्यानंतर ती पटाशी लाकडात चार ठोके मारले की बोथट व्हायची.

गंज सावकाश खातो. आपण एका दुपारी खातो, आणि खाल्लेला धातू परत चढवता येत नाही. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

निळं पडलेलं पातं नुसतं घासून पांढरं करणं

निळेपणा पॉलिश पेपरने दोन मिनिटांत जातो, म्हणून काम झालं असं वाटतं. रंग गेला तरी खालचं पोलाद मऊच राहतं. निळा झालेला सगळा भाग हळूहळू, न तापवता, घासून मागे हटवायचा आणि नवी धार काढायची, एवढाच घरगुती इलाज आहे. माझ्या पटाशीचं जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पातं असं गेलं.

मुळात वेळ येऊ नये म्हणून: चाकाला दोन-तीन सेकंद टेकवा, लगेच पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा. हातमोजे न घालता धरा. पातं बोटाला चटका देऊ लागलं, तर थांबायची वेळ झाली. हायस्पीड स्टीलचे ड्रिल बिट ६०० अंशांच्या आसपासही कडक राहतात, त्यांना हा नियम तितका कडक नाही. पण जुन्या पटाश्या, रंध्याची पाती, चाकू हे साध्या कार्बन पोलादाचे असतात आणि २००-२२० अंशांपुढे त्यांचा कडकपणा उतरू लागतो.

धातू कोणता हे न बघता घासायला बसणं

जवळ एक चुंबक ठेवा. पितळी दिसणारी मूठ चुंबकाला चिकटली, तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. घासत राहिलात तर थोड्या वेळात खालचं करडं लोखंड डोकावतं. क्रोमचंही तेच. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, गंज अडवण्याचं काम खालचा निकेलचा थर करतो. त्याला पॉलिश पेपर लावणं म्हणजे तो काढून टाकणं. क्रोमवरचे तांबूस ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळले की बरेचसे निघतात, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे.

जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट आम्लात टाकला की भराभर बुडबुडे येतात आणि आपण खूश होतो. ते बुडबुडे जस्त विरघळत असल्याचे असतात. तर ॲल्युमिनियमचा भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गेला की भागच विरघळू लागतो आणि हायड्रोजन सुटतो. जुन्या यंत्रांवरच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ओला करून खरवडा आणि चांगला मास्क लावा. कापडी रुमाल पुरत नाही.

आम्लात टाकून विसरणं

व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. लिंबूसत्त्व वापरायचं तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम पुरतं. दोन्ही गंज काढतात, आणि गंज संपला की थांबत नाहीत. एक पक्कड मी डब्यात टाकून चार दिवस विसरलो. काढली तेव्हा गंजाचा मागमूस नव्हता आणि जबड्यातल्या दातांचाही. वर कोरलेला शिक्का बोटाला लागत होता, डोळ्यांना वाचता येत नव्हता.

दर दोन-तीन तासांनी बाहेर काढा, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा बुडवा. रात्रभर पुष्कळ झालं, २४ तासांपुढे जाऊ नका. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तूंना याहून कमी वेळ द्या, बिडाच्या बारीक छिद्रांत आम्ल दडून बसतं. टाकण्याआधी तेल-ग्रीस साबणाच्या गरम पाण्याने काढलं नाही, तर तेलाखालचा गंज तसाच राहतो आणि हत्यार बिबट्यासारखं ठिपकेदार निघतं. लाकडी मुठी आधी काढून ठेवा. पितळ आणि लोखंड एकाच डब्यात नको, लोखंडावर तांब्याचा गुलाबी थर बसतो. एकटं पितळसुद्धा जास्त वेळ राहिलं तर वरवरचं जस्त जाऊन गुलाबी पडतं. तो थर ब्रासोसारख्या पॉलिशने चोळून काढावा लागतो.

स्प्रिंगा आणि फार कडक केलेले भाग आम्लात टाकूच नयेत. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताण पडल्यावर ते अचानक तडकतात. त्यांना ब्रश आणि रॉकेल. आणि व्हिनेगरच्या डब्यात कधीही ब्लीच ओतू नका, क्लोरिन वायू सुटतो.

आता काही तक्रारी. बाहेर काढल्यावर हत्यार काळं दिसतं? तो वरचा काळा थर आहे, बारीक स्टील वूलने निघतो. दहा मिनिटांत पुन्हा केशरी झालं? बहुतेक जण इथेच फसतात, कारण साध्या पाण्याने धुऊन ते उन्हात वाळत ठेवतात. ओलं, उघडं आणि अजून थोडं आम्लट लोखंड गंजायला याहून सोयीची जागा शोधत नाही. क्रम असा ठेवा: खायच्या सोड्याच्या पाण्यात विसळणं, लगेच फडक्याने कोरडं पुसणं, हेअर ड्रायरने सांधे सुकवणं, आणि धातू कोमट असतानाच तेलाचा हात. मध्ये फोन आला तर उचलू नका.

बॅटरी चार्जर उलटा जोडणं

विजेने गंज काढायची पद्धत मला सर्वांत आवडते, कारण ती चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. प्लॅस्टिकच्या टबात ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला. उलटं जोडलंत तर भंगार वाचतं आणि हत्यार विरघळतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ नको, पुन्हा क्लोरिनच. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा, आसपास ठिणगी नको, आणि टबात हात घालण्याआधी वीज बंद.

काहीच होत नसेल तर बहुधा चार्जर नव्या पद्धतीचा आहे. समोर बॅटरी दिसल्याशिवाय तो चालूच होत नाही. हत्याराची एकच बाजू साफ होत असेल तर पट्टीकडची बाजू उजळते आहे, फिरवून ठेवा.

पॉलिश पेपरच्या पायऱ्या गाळणं

कागदाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. ८० नंबरने गंज काढला, कंटाळा आला, थेट ६०० घेतला. तासभर घासल्यावर पृष्ठभाग चकचकीत, आणि तिरक्या उजेडात धरला की ८० नंबरच्या रेघा जशाच्या तशा. ६०० चा कागद त्या खोल रेघा घालवू शकत नाही, नुसत्या पुसट करतो. ८०, १५०, २४०, ४००, ६०० असा प्रवास केला तर एकूण वेळ कमीच लागतो. प्रत्येक पायरीला घासायची दिशा ९० अंशांत बदला. आधीच्या रेघा आडव्या दिसतात, त्या पूर्ण गेल्या की पुढचा कागद. बदलताना हत्यार पुसून घ्या. जाड कागदाचा एक कण बारीक कागदाखाली आला की नवी रेघ पडलीच. २४० नंतर वॉटर पेपर पाण्यासोबत किंवा पातळ तेलासोबत वापरला तर कागद चोंदत नाही.

कागद बोटांनी धरून घासणं ही त्याहून मोठी चूक. बोटं मऊ, त्यामुळे कडा गोल होतात, अक्षरं झिजतात, रंध्याचा तळ केळीसारखा वाकतो. सपाट भागाला लाकडाचा ठोकळा घ्या. रंध्याच्या तळासाठी जाड काचेवर कागद चिकटवून त्यावर रंधा फिरवा, पातं नेहमीसारखं घट्ट आवळलेलं ठेवून, पण आत ओढून.

खड्डे काढण्याचा हट्ट सोडा. पाना, हातोडा, व्हाइस यांवरचे खड्डे कामात आडवे येत नाहीत. पटाशीच्या पाठीवर, धारेच्या अगदी जवळचा खड्डा मात्र खरा त्रास देतो, कारण धार तिथे तुटक येते. तेवढाच भाग सपाट करा. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश खड्ड्यातला गंज न काढता वरून चमक देऊन तो झाकतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. त्याच्या तारा सुटून उडतात, चष्मा लावल्याशिवाय बटण दाबू नका.

बफच्या चाकाशी मस्ती

बफ म्हणजे चकाकी आणणारं कापडी चाक. ६ इंची चाक मिनिटाला २८०० फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावते. वस्तूची वरची कड चाकात अडकली की ती वस्तू हातातून हिसकावली जाते. म्हणून मध्यरेषेच्या खाली टेकवा, आणि चाक कडेवरून बाहेर पडेल असं धरा, कडेवर चढेल असं नाही. सैल हातमोजे, लोंबत्या बाह्या, साखळ्या चाकाजवळ नकोत. पॉलिशच्या प्रत्येक वडीला वेगळं चाक ठेवा. तपकिरी, भरड वडीच्या चाकावर बारीक वडी लावली की रेघाच येतात. पॉलिश करताना काळे चट्टे राहिले तर वडी जास्त झाली आहे. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि जवळजवळ कोरड्या चाकावर एक हात फिरवा. ॲल्युमिनियम घासल्यावर त्याचा भुगा झाडून टाका. त्यावर लोखंडाच्या ठिणग्या पडल्या तर भडका उडू शकतो.

अडकलेल्या नटावर जोर

गंजलेल्या आट्यांत तेल शिरायला तास लागतात, कधी रात्र. तेल टाकून पाचव्या मिनिटाला पाना लावला तर बोल्ट तुटतो किंवा नटाचे कोन गोल होतात. तापवायचं तर नट तापवा, बोल्ट नव्हे. नट फुगला पाहिजे. जस्ताचा मुलामा असेल तर तापवू नका, धूर बाधतो. सोडवण्याआधी किंचित आवळून बघा, गंजाची पकड तिथे मोडते. आणि आटे उलटे नाहीत ना, एवढं आधी पाहा. बेंच ग्राइंडरचं डावं चाक आणि सायकलचं डावं पेडल उलट दिशेने सुटतं.

शेवटचा हात

डब्ल्यूडी-४० चा फवारा पाणी हटवायला आणि गंज मऊ करायला छान, पण त्यावर महिनोन् महिने विसंबू नका. यंत्राचं पातळ तेल किंवा मेणाचा हात द्या, आणि पुसताना फडकं वापरा, तळहात नव्हे. मी एकदा आरशासारखं झालेलं पातं अंगठ्याने धरून कौतुकाने पाहिलं, तसंच ठेवलं. आठवड्याने त्यावर अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ, गंजाने छापलेला.

लाकडी मुठींना जवसाचं तेल लावलंत तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.