कवेलू उतरवून टिन टाकताय? सर्व्हिस वायरच्या या चुका टाळा

नवतपा लागला की गावोगावी कवेलू उतरायला लागतात. मृगाआधी टिन चढवायची घाई, मिस्त्री कसाबसा मिळालेला. आणि खांबावरून आलेली सर्व्हिस वायर आठवते ती अर्धं छप्पर उघडं पडल्यावर. मग ती बांबूनं बाजूला सारून दोरीनं कडुनिंबाला बांधतात आणि काम सुरू.

"मेन बंद केलाय ना!" हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं. मेन स्विच मीटरनंतर असतो. खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरवर त्याचा काडीचाही ताबा नाही. एमसीबी पाडा, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, छपरावरची वायर चालूच राहते. ती बंद होते फक्त खांबावरचं टोक सोडवल्यावर. "लाइन गेलीय तोवर उरकून घेऊ" हा तर जुगारच. डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, फ्यूज काढून ठेवली तरी भरवसा नाही, कारण सगळी आळी अंधारात बसली की कुणीतरी जाऊन ती परत घालतोच. म्हणून लाइनमनकडून आधी खांबावरचं टोक सोडवायचं, मग मीटरकडचं, वायर गुंडाळून ठेवायची आणि त्यानंतरच पहिलं कवेलू काढायचं. चहापाण्यावर खांबावर चढणारा झिरो वायरमन, म्हणजे लाइनमन नसलेला खासगी माणूस, इथे नको. त्याच्या चढण्याची कुठे नोंद नसते, त्यामुळे लाइन परत चालू करणाऱ्याला तो वर आहे हे कळतच नाही.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही: जुनीच वायर नव्या टिनावर टेकवून देणं. कवेलूवर ती वर्षानुवर्षं पडून होती, काही झालं नाही. पण कवेलू म्हणजे भाजलेली माती, टिनाला धार असते. आपल्याकडच्या उन्हात वायरचं आवरण तडकलेलं असतं, वाऱ्यानं ती पन्हाळीच्या कडेवर घासत राहते आणि एक दिवस फेज टिनाला लागतो. टिन सागाच्या कोरड्या फाट्यांवर असतं, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नसते. फ्यूज उडत नाही, दिवा लुकलुकत नाही, घरात कुणाला पत्ता नसतो. पाऊस येतो, भिंत ओली होते. टिनाच्या आकड्याला बांधलेली कपडे वाळवायची लोखंडी तार न्हाणीपर्यंत गेलेली असते. ओली साडी टाकायला बाई हात वर करते. तिला ओढायला धावणाराही चिकटतो. गळती मीटरच्या आधीची, खांबाकडची, म्हणून ईएलसीबीलाही ती कळत नाही. पावसाळ्यात तारेला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यांच्यामागे अनेकदा हेच असतं.

वायर छपरावरून न्यायचीच कशाला? रस्त्याकडच्या भिंतीला क्लॅम्पनं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप ठोकून तिथूनच खाली मीटरवर आणावी. पाईप टिनाला किंवा फाट्याला बांधू नये. वरून न्यावीच लागली तर छपराच्या सर्वांत उंच जागेपासून अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट, अंतर हवं. लघुदाब (घरांना वीज देणारी) लाइन बाजूनं जात असेल तर आडवं 1.2 मीटर. टिन टाकताना भिंत दोन फूट वाढवतात आणि काल पुरणारं अंतर आज कमी पडतं, हे कुणी मोजत नाही. खांबांमधली लाइनच घरावरून जात असेल तर काम काढण्याआधी महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. लाइन हलवायचा खर्च घरमालकाचा. बिलावरचा ग्राहक क्रमांक लिहून हा अर्ज होळीनंतर लगेच द्यावा. मे संपताना देणाऱ्यांनी मग कुणाला शिव्या घालू नयेत.

वायर नवीन घ्या, खांबापासून मीटरपर्यंत अखंड. मधे जोड नको. ताण जीआय तारेनं घ्यायचा, वायर तिला फक्त बांधायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचं इन्सुलेटर. ॲल्युमिनियमला तांब्याची वायर नुसती पिळू नका. जोड गंजतो, तापतो.

पाईपचं तोंड खाली वळवलेलं असावं आणि आत शिरण्याआधी वायरला छोटा झोळ द्यावा, नाहीतर पावसाचं पाणी थेट मीटरमध्ये.

दहा-बारा फुटी पत्रे लाइनखालून उभे नेऊ नका, दोघांनी आडवे न्या. शिडी बांबूची.

जोडणीनंतर सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर फेज-न्यूट्रल उलटे लागलेत, लाइनमन खाली उतरण्याआधीच दुरुस्त करून घ्या. टिन तपासताना मात्र चप्पल घालून लाकडी शिडीवरून लावलेल्या टेस्टरवर विसंबू नका, तो न पेटताही टिनात करंट असू शकतो. टिनाला किंवा तारेला झिणझिण्या आल्या तर सगळ्यांना दूर करून 1912 ला फोन लावा, आणि खांबावरून वायर सुटेपर्यंत भिंतीलाही हात लावू नका.