पोटात मुलगा-मुलगी कसं ठरतं, हे पोरांना पेन्सिल-खोडरबरने समजवा

दहावीच्या पोरांना एक्स-वाय गुणसूत्रं तोंडपाठ असतात, आईकडून एक्स, बापाकडून एक्स नाहीतर वाय, धडा संपला. (तरी मुलगी झाली की बोलणी सुनेलाच, ते असो.) पण खरी मजा त्याच्या पुढे आहे आणि त्याला दोन कोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच लागतं.

दोन्ही कागदांवर सेम चित्र काढा, मधे दोन गोळे (यांचीच पुढे वृषणं किंवा अंडाशयं होतात) आणि प्रत्येक गोळ्याशेजारून खाली येणाऱ्या दोन-दोन नळ्या, एक वुल्फची, एक म्युलरची (ही शास्त्रज्ञांची नावं). नळ्या फिक्या काढा, नंतर पुसायच्यात. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत सगळ्यांचं असंच असतं. इथे एखादं पोरगं हमखास म्हणतं, म्हणजे आधी सगळ्या मुलीच असतात ना? नाही रे बाबा, दोन्हीकडचं सामान भरून ठेवलेलं असतं.

आता एका कागदावर वाय लिहा. वायवर एसआरवाय नावाचा जीन असतो, 1990 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना सापडला. तो सहाव्या-सातव्या आठवड्यात चालू होतो, मग गोळ्यांची वृषणं व्हायला लागतात आणि ती दोन हार्मोन सोडतात. पहिलं एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन), म्हणजे आपलं खोडरबर. म्युलरची नळी पोरालाच पुसायला लावा, मी सांगितलेलं विसरतात पण स्वतः पुसलेलं विसरत नाहीत. दुसरं टेस्टोस्टेरॉन, ती पेन्सिल, तिने वुल्फची नळी गडद करा, त्यातूनच पुढे शुक्रवाहिनी होते.

दुसऱ्या कागदावर एसआरवाय नाही, तिथे वेगळे जीन कामाला लागून अंडाशय करतात, आपोआप काही होत नाही. खोडरबर नाही म्हणून म्युलरची नळी राहते, तिचं गर्भाशय आणि अंडनलिका होतात, आणि पेन्सिल न मिळाल्याने वुल्फची विरून जाते.

पोरं मोठी असतील तर तिसरा कागद घ्या. एक्सवाय आहे, वृषणं झाली, टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे, पण पेशींना ते ओळखताच येत नाही. खोडरबर चाललं, पेन्सिलीला टोकच नाही. गर्भाशय नाही, बाहेरून मात्र मुलगी, मुलगी म्हणूनच वाढते, आणि बऱ्याचदा घरच्यांना हे कळतं ते पंधरा-सोळाची झाली तरी पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे नेल्यावर.