पिकअपचं इंजिन बांधायचं (उघडून दुरुस्त करायचं) की बदलायचं?

नारायणगाव मार्केटला टोमॅटो नेणारी आमची पिकअप ऑइल खायला लागली, मागून निळा धूर. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं की आतून भकाभक वाफारा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती जोरात दाबली जाते ते, मोजलं तर तीन सिलेंडर २६ बारच्या आसपास, एक मात्र १७, म्हणजे कमजोर.

मेस्त्री म्हणाले, "दादा, जुन्या बाजारातून इंजिन आणू, गाडी लगेच रस्त्यावर." मोह झाला, सीझन होता ना! पण त्या इंजिनाच्या पोटात काय आहे, कोण सांगणार? शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंद. नाहीतर पासिंगला नि विम्याला घोळ.

म्हणून आधी उघडून बघितलं. ब्लॉकला तडा नव्हता, हेड सरळ. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलेंडरचं भोक) मात्र वर इतका झिजलेला, की नखाला पायरी लागत होती. क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) हलके चरे, ०.२५ मिमी ग्राइंडिंगमध्ये निघाले, घासून बारीक झालेल्या क्रँकला अंडरसाइझ बेअरिंग बसली. क्रँक आधीच शेवटच्या साइझवर, म्हणजे आणखी घासता न येण्याइतकी बारीक, असती, तर मीही बदलायलाच सांगितलं असतं. चारही बोअर मारून (कापून थोडे मोठे करून) त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा टाकल्या. ऑइल पंपही नवाच. तिथे कंजुषी नको.

पहिले हजार किलोमीटर अर्धाच माल भरला. आता ऑइल काडीवरच्या खुणेपाशीच राहतं.