आई-बाबांना घेऊन चीनमधली तीन-चार शहरं फिरताय? आमच्या या चुका टाळा

गेल्या दिवाळीनंतर आम्ही सात जण चीनला जाऊन आलो, आई-बाबा, मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि सिंगापूरहून येऊन मिळालेले भाऊ-वहिनी. आल्यापासून ओळखीतले सगळे प्लॅन मागतायत. पण तोच प्लॅन जसाच्या तसा उचललात तर घरातल्या मोठ्या माणसांचे हाल होतील, म्हणून आधी काय चुकलं ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शहरांची संख्या. १० दिवसांत ६ शहरं ठरवली होती, बीजिंग, शिआन, चेंगदू, झांगजियाजिए, ग्वीलिन आणि शांघाय. बुलेट ट्रेनमुळे हाव सुटते हो, बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर आणि फास्ट गाडी साडेचार तासांत पोचवते, मग वाटतं सकाळी इथे नाश्ता आणि दुपारी तिथे फिरायला. पण साडेचार तास फक्त गाडीचे. हॉटेल सोडायचं, सात जणांना दोन टॅक्सी, स्टेशनच्या दारात सगळ्या बॅगा स्कॅन, स्टेशन एअरपोर्टएवढं मोठं, त्यात हमाल मिळेल म्हणून बसू नका, उतरल्यावर परत तेच सगळं आणि हॉटेलवर पासपोर्टची नोंद. अख्खा दिवस जातो. चौथ्या दिवशी आईचे गुडघे सुजले आणि झांगजियाजिए, ग्वीलिन दोन्ही रद्द केलं, हॉटेलचे पैसे गेले. १० दिवसांना तीन शहरं, फार तर चार, आणि एका ठिकाणी निदान तीन रात्री. घरात सगळ्यात हळू कोण चालतं ते बघून प्लॅन करा, सगळ्यात उत्साही कोण आहे ते बघून नको.

व्हिसाचं एक सांगतो कारण भाऊ यात जवळजवळ फसला होता. व्हिडिओत सगळे सांगतात की चीनमध्ये २४० तास ट्रान्झिटवर व्हिसाशिवाय राहता येतं, पण ते ठराविक देशांच्या पासपोर्टला आहे आणि त्या यादीत भारत नाही. भावाकडे सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे, पण पासपोर्ट भारतीयच, त्यामुळे त्यालाही रीतसर व्हिसा काढावा लागला. तुम्ही राहता कुठे ते नाही, पासपोर्ट कुठला ते बघतात.

आता पैसे. तिकडे सगळं मोबाईलवर, अलीपे नाहीतर वीचॅट, भाजीवाल्याकडेसुद्धा क्यूआर. आपलं यूपीआय तिथे नाही आणि या दोन्ही ॲप्सवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून पुण्याहून गेलेल्या आम्हा पाचांच्या फोनमध्ये काहीच नव्हतं. भावाच्या फोनमध्ये होतं आणि आम्ही निर्धास्त होतो. शिआनला भाऊ-वहिनी शहराच्या जुन्या तटावर सायकल चालवायला गेले, जवळपास १४ किलोमीटरचा तो तट, आणि आम्ही मुस्लिम वस्तीतल्या बाजारात. लेकीला भूक लागली, माझ्याकडे सगळ्या १०० युआनच्याच नोटा आणि खाण्याच्या गाडीवाल्याकडे सुट्टे नाहीत, पोर रडकुंडीला आली. रोख घ्यायला ते नाही म्हणत नाहीत, अडचण सुट्ट्यांची असते, तेव्हा ५, १०, २० च्या नोटा करून प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात थोड्या ठेवाच. ज्याच्याकडे अलीपे चालतंय त्याने परदेशी कार्ड घरूनच जोडून, व्हेरिफाय करून घ्यावं. परदेशी कार्डावर २०० युआनच्या वर एका वेळी दिले की ३ टक्के चार्ज लागतो हेही लक्षात ठेवा.

नेटवरून घरात भांडणं होतील इतका हा विषय महत्त्वाचा आहे. हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब काहीच उघडत नाही. पण आपल्याच सिमचं इंटरनॅशनल रोमिंग असेल तर चालतं, कारण तो डेटा आपल्या देशातल्या कंपनीतून फिरून येतो. आम्ही खर्च वाचवायला फक्त माझ्या फोनवर रोमिंग घेतलं आणि बाबा बीजिंगच्या मेट्रोत एक स्टेशन आधी उतरले, फोन करायची सोय नाही, वीस मिनिटं आईच्या जिवाला घोर. प्रत्येकाला रोमिंग घ्या, आई-बाबांना तर आधी. गूगल मॅप्सचा नकाशा तिकडे जुळत नाही, जागा सरकलेली दिसते, त्यापेक्षा ॲपल मॅप्स किंवा तिथलं अमॅप वापरा.

रेल्वेत तिकीट म्हणजे तुमचा पासपोर्टच. सगळे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये ठेवायची आपली सवय तिथे नडते, कारण प्रत्येकाला गेटवर आपापला दाखवावा लागतो, आणि आमचा बहुतेक वेळा मशीनवर चालला नाही म्हणून माणूस बसलेल्या गेटवर जावं लागलं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, पळत जाऊन डबा पकडणं वगैरे नाही, तासभर आधी पोचा. ६ वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नको असेल तर तिकीट लागत नाही, ६ ते १४ ला कमी भाडं. आणि स्टेशनचं नाव पूर्ण वाचा, मागे बेइ असेल तर उत्तर, नान दक्षिण, शी पश्चिम, तुंग पूर्व. शांघायच्या गाड्या मुख्यतः बीजिंग नानहून, शिआनच्या बीजिंग शीहून, दोन्ही एकाच शहरात पण चुकलात तर गाडी गेली. मधे विमान असेल तर पॉवर बँकवर थ्री-सीचा (3C, चीनचा सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का हवा, जून २०२५ पासून चीनच्या आतल्या विमानांत त्याशिवाय नेऊ देत नाहीत.

बीजिंगचा राजवाडा (फॉरबिडन सिटी) सोमवारी बंद असतो आणि आम्ही ठेवला होता नेमका सोमवार! तिकीट सात दिवस आधी उघडतं, प्रत्येकाच्या पासपोर्ट नंबरवर, आणि पटकन संपतं. शिरायचं दक्षिणेकडून, बाहेर पडायचं उत्तरेकडून, मधे जवळजवळ एक किलोमीटर नुसतं सरळ अंतर, तेव्हा गाडीवाल्याला परत दक्षिणेलाच बोलावू नका. चीनच्या भिंतीसाठी बीजिंगजवळचा मुतियान्यूचा भाग घ्या, केबल कार थेट १४ नंबरच्या बुरुजापर्यंत नेते, आईसुद्धा आरामात वर गेली.

खाण्याचं अवघड आहे पण अशक्य नाही. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी, एवढं म्हणून भागत नाही, फरसबीच्या भाजीत खिमा आणि टोफूच्या रश्श्यात डुकराची चरबी निघू शकते, म्हणून मांस नको, अंडं चालेल की नाही, मांसाचं सूप नको असं चिनीत लिहिलेलं कार्ड छापून न्या. टोमॅटो-अंडं आणि बटाटा-वांगं-सिमला मिरचीची ‘दी सान श्येन’ आम्हाला तारून गेली. उकळतं पाणी स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे फुकट, त्यामुळे इन्स्टंट पोहे, उपम्याची पाकिटं भरपूर न्या. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात.

टॉयलेटमध्ये कागद नसतो आणि बसायचं बहुतेक ठिकाणी उकिडवं. गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगा की व्हीलचेअरची खूण असलेली खोली शोधायची, तिथे कमोड असतो. हे आम्हाला सहाव्या दिवशी कळलं आणि आईने तोवर पाणी पिणंच कमी केलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटचं. बीजिंग ते शिआन तिकीट काढताना मी सगळ्यात फास्ट गाडी घेतली होती. बाबा सोलापूरचे. आदल्या रात्री ते हळूच म्हणाले, “शिजियाझुआंग वाटेतच लागतं ना रे, कोटणीस तिथे आहेत.” डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरला जन्मलेले, १९३८ साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातले, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय ३२. आम्ही तिकीट दोन तुकड्यांत बदललं, बीजिंगहून सव्वा तासाच्या आसपास शिजियाझुआंग, स्टेशनवर बॅगा ठेवल्या, टॅक्सीने शहीदांच्या स्मशानभूमीत गेलो, दुपारची गाडी पकडून रात्री शिआन. आईसाठी तिथे बसायला जागा होती, बाबा समाधीपाशी बराच वेळ उभे होते आणि आम्ही कोणी घाई केली नाही.