बडोद्यात पाणी भरायच्या आधी काय काय करायचं

पुण्याची आतेबहीण दर पावसाळ्यात फोन करते, काय रे पाऊस थांबला ना, मग आता कसलं टेन्शन. तिला कसं समजवायचं की बडोद्यात खरं टेन्शन पाऊस थांबल्यावरच सुरू होतं. ३१ जुलै २०१९ ला २४ तासांत जवळपास २० इंच पडला ते सोडा, तेव्हा वरूनच इतकं आलं. पण २०२४ ला जन्माष्टमीच्या दिवशी धो धो झाला आणि मग कमी झाला तरी विश्वामित्री नदी चढतच राहिली, धोक्याची खूण २५ फुटांची आणि ही बाई गेली ३७ च्या आसपास.

म्हणून आभाळाकडे बघत बसू नका, दोन आकडे बघा, काळाघोडा पुलापाशी नदी किती आणि आजवा तलाव किती भरलाय. नदी येते पावागढच्या डोंगरातून, तिकडे पडलेलं आणि आजवा-प्रतापपुऱ्याच्या तलावांचं पाणी आपल्याकडे पोचायला वेळ लागतो, तेवढाच वेळ आपल्या हातात. (आजवा सयाजीरावांनी बांधला शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून, आता नळालाही तेच आणि दारातही तेच.) माझा हिशोब सोपा आहे, काळाघोड्याला २० फूट झाले आणि अजून चढतेय म्हटलं की हातातलं काम टाकून उठायचं.

आधी गाडी. बेसमेंटमधून काढून उंचावर लावा, लोक ओव्हरब्रिजवर लावतात ते उगीच नाही. आणि बुडालीच तर चालू करून बघायची नाही, अजिबात नाही, इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की आतला रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत तो खर्च बहुतेक वेळा बसतच नाही. आमच्या शेजाऱ्यांनी "बघू तरी" म्हणून मारला होता, पुढचं विचारू नका.

घरात पाणी दारातून येतं असं वाटतं ना, आमच्याकडे तळमजल्यावर पहिल्यांदा बाथरूममधून आलं. नदी फुगली की काँस (पावसाचं पाणी नदीत नेणारा नाला) भरते, मग गटाराचं पाणी उलटं फिरतं. जुना टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून नहाणीच्या जाळीत घट्ट कोंबा, वर वाळूची गोणी ठेवा, कमोडमध्ये पण हेच. पूर्ण थांबत नाही पण सामान वर चढवायला वेळ मिळतो. फ्रिज, गाद्या, कागदपत्रं सगळ्यांना आठवतं, जमिनीवरची इन्व्हर्टरची बॅटरी कोणालाच आठवत नाही. मेन स्विच पाणी आत यायच्या आधीच बंद करा, पाण्यात उभं राहून हात लावायला जाऊ नका. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, सिलेंडर तरंगतो. वरची टाकी लाइट असतानाच भरून घ्या, खालचा टांका (जमिनीतली टाकी) बुडाला तर ते पाणी प्यायचं नाही. आईची औषधं आठवडाभराची वेगळी काढलेली बरी, पाणी दोन-तीन दिवस हलत नाही कधी कधी.

मगरीचं बाहेरच्यांना खोटं वाटतं. खरं आहे बाबा, पुरात सोसायटीत येतात. अंधारात पाण्यात उतरू नका, उतरावंच लागलं तर काठीने पुढे चाचपत चला (साप तर मगरीपेक्षा जास्त निघतात), आणि दिसली तर व्हिडिओ काढत जवळ न जाता वनखात्याला फोन.

पाणी उतरलं की लगेच झाडू घेऊ नका, आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, गाडी सगळ्याचे फोटो काढा, क्लेमला लागतात. मग मात्र एक मिनिट थांबू नका, चिखल ओला आहे तोवरच वायपर नाहीतर पाटीने लोटून बाहेर काढा, वाळला की सिमेंट होतो. आम्ही २०१९ ला एक रात्र "उद्या बघू" म्हणून झोपलो, सकाळी खुरपं घेऊन बसावं लागलं.