अथणीकडच्या माळावर पाणवठ्याला होले (कबुतराच्या कुळातले पक्षी) बघायचे असतील तर

पहिली गोष्ट, पाण्याला चिकटून बसू नका, आणि नजर पाण्यावर नको, शेजारच्या बाभळीवर ठेवा.

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं पाऊस धो धो, पण अथणी-रायबागचा आपला पट्टा कोरडा, एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की माळावर पाणी राहतं ते एखाद्या डबक्यात नायतर गुरांच्या हौदाखाली सांडलेलं, आणि होला बहुतेक कोरड्या दाण्यावरच जगतो त्यामुळं त्याला रोज पाण्यावर यावंच लागतंय.

ऊन चढायच्या आत जावा, सूर्य पाठीमागं घ्या, कडब्याच्या गंजीआड किंवा बांधाला टेकून तीसेक मीटर लांब बसा. भडक शर्ट नको. होला थेट पाण्यावर उतरत नाही, आधी झाडावर बसून चारी बाजूंचा अंदाज घेतो, तुम्ही जवळ दिसला की त्या उन्हात तसाच तहानलेला निघून जातो, म्हणून फोटोसाठी पुढं सरकू नका, हात जोडून सांगतो.

उतरला की चोच बघा. चिमणी, साळुंकी घोट घेऊन मान वर करते, होला मात्र चोच बुडवून एका दमात पाणी ओढतो, मान वर करतच नाही, बायनॉक्युलरमधनं गळा हलताना दिसतो. काही सेकंदांत काम संपतं, लक्ष हटलं की गेला.

ओळखायचं मानेवरनं. मानेमागं काळी अर्धी रेघ असेल तर कंठवाला, काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला, मानेमागं काहीच नाही पण गळ्याखाली तांबूस पट्ट्यात काळे ठिपके असतील तर छोटा होला. तांबड्या होल्याचा नर विटकरी पाठ आणि राखाडी डोक्यामुळं लगेच कळतो, त्याची मादी मात्र फसवते, रंगानं कंठवाल्यासारखीच, तिथं बुटकं अंग आणि आखूड शेपूट बघायचं.

कधीकधी पखुर्ड्या (माळावरचे, जमिनीवर राहणारे पक्षी) पण येतात, त्यांच्यातला नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो, दिसला तर बघायचं सोडू नका.

सगळे एकदम फडफडून उडाले तर वर बघा, बहुतेक शिक्रा, म्हणजे पक्षी मारणारा शिकारी पक्षी, असतोय. हलू नका, थोड्या वेळानं येतात परत.

काठाला फास किंवा जाळं दिसलं तर वनखात्याला कळवा, होले धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि संध्याकाळी बसला असाल तर दिवस मावळायच्या अर्धा तास आधी उठा, उशिरा येणाऱ्यांना पण पाणी मिळायला पाहिजे की.